‘कोणीही या’ म्हणता, मग वाट लिहा

ओपन सोर्स प्रकल्पाचं पान उघडलं की पहिल्या पाच-दहा ओळींत एक वाक्य सापडतंच: कोणीही या, मदत करा, सर्वांचं स्वागत आहे. त्याखाली कोड उतरवून घ्यायची एक आज्ञा, तो चालवायची दुसरी आज्ञा आणि परवान्याचं नाव. संपलं. आत आल्यावर हात कुठे लावायचा, कुठे लावायचा नाही, केलेलं काम कोणाला दाखवायचं आणि उत्तर आलं नाही तर किती थांबायचं, याबद्दल अक्षर नाही.

हे स्वागत खोटं नसतं. लिहिणाऱ्याला खरोखर माणसं हवी असतात. पण वाट न सांगता केलेलं स्वागत ज्यांना वाट आधीच ठाऊक आहे त्यांच्याच कामाचं. रत्नागिरीतून बघितलं की हे फार स्पष्ट दिसतं.

कारण साधं आहे. इथे विचारायला शेजारी कोणी नाही. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत फिनोलेक्स अकॅडमी आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, देवरुखकडे आंबवला राजेंद्र माने महाविद्यालय आहे, शहरात गोगटे-जोगळेकरमध्ये संगणकाचे वर्ग भरतात. मुलांना कोड लिहिता येतो. पण ओपन सोर्स प्रकल्पात रोज काम करणारा माणूस त्यांच्या गल्लीत राहत नाही. पुण्यात एखाद्या कंपनीतल्या नव्या मुलाला एरर आली की तो खुर्ची वळवतो. शेजारचा सांगतो, ‘अरे, ती आवृत्ती नको, आधीची टाक, सगळ्यांचं तिथेच अडतं.’ दहा सेकंदांत प्रश्न सुटला. ते वाक्य कुठेही लिहिलेलं नसतं. पुण्या-बंगळूरला निम्मं डॉक्युमेंटेशन असं खुर्च्यांवर बसलेलं असतं आणि संध्याकाळी घरी जातं. रत्नागिरीतली मुलगी तीच एरर घेऊन रात्रभर बसते आणि सकाळपर्यंत तिची खात्री पटते की आपल्यालाच येत नाही.

ही खात्री मला सर्वांत जास्त खुपते. चूक त्या पानाची असते आणि कमीपणा ती मुलगी घेते. आणि ती तक्रारही करत नाही. पान बंद करते, परत येत नाही. प्रकल्पवाल्यांना तर ती येऊन गेल्याचंही कळत नाही, म्हणून त्यांना वाटतं की सगळं ठीक चाललंय.

जे लिहून ठेवलं नाही ते शेजार असणाऱ्यांच्या मालकीचं राहतं. परवाना कितीही मुक्त असला तरी.

ओपन सोर्स प्रकल्पांचा कोड जिथे ठेवला जातो त्या गिटहब या संकेतस्थळाने २०१७ साली ओपन सोर्समध्ये वावरणाऱ्या लोकांची मोठी पाहणी केली होती. अपुरं किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन ही सगळीकडे भेटणारी अडचण आहे, असं त्यात ९३ टक्के लोकांनी सांगितलं. त्याच पाहणीत ६० टक्के लोकांनी हेही सांगितलं की आपण डॉक्युमेंटेशनला क्वचित हात लावतो किंवा कधीच लावत नाही. रस्त्यात खड्डा आहे हे जवळजवळ सगळ्यांना मान्य, आणि बुजवायला मात्र निम्म्यांहून अधिक माणसं तयार नाहीत. त्याच पाहणीतली आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जवळपास पाव लोकांनी आपलं इंग्रजी वाचन-लेखन ‘फार चांगलं’ या पायरीच्या खाली असल्याचं नोंदवलं. हे आधीच आत आलेले लोक. जे इंग्रजीच्या उंबरठ्यावरूनच मागे फिरले, ते या मोजणीत आलेलेच नाहीत.

आता कोणी म्हणेल, डॉक्युमेंटेशन असतं की, भरपूर असतं. असतं. रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या पहिल्या पानावर, एक पद्धत असते, विकीवर दुसरी, जुन्या संकेतस्थळावर तिसरी, आणि चालणारी पद्धत कोणीतरी कधीतरी गप्पांच्या चॅनलमध्ये सांगून ठेवलेली असते. चारही ठिकाणं एकमेकांशी भांडत असतात. जुन्या माणसाला कोणतं खरं ते माहीत असतं, कारण भांडण त्याच्यासमोर सुरू झालेलं असतं. नवा माणूस पहिलं सापडेल ते खरं धरतो, आणि पहिलं सापडतं ते बहुधा सर्वांत जुनं.

गिटहबने २०१२ पासून एक साधी सोय दिलेली आहे. ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची फाइल रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या जागेत, ठेवली की इश्यू (अडचणीची नोंद) किंवा पुल रिक्वेस्ट (आपला बदल आत घ्यायची विनंती) उघडणाऱ्याला तिचा दुवा आपोआप दिसतो. म्हणजे नवखा माणूस नेमक्या ज्या क्षणी अडखळतो, त्या क्षणी त्याच्या हातात कागद द्यायची सोय. तिचं काय केलं जातं? दुसऱ्या प्रकल्पाची फाइल उचलून आणून ठेवली जाते. काही ठिकाणी त्या दुसऱ्या प्रकल्पाचं नावही तसंच राहतं. नाव बदलायला फुरसत नव्हती, तर आतला मजकूर आपल्या प्रकल्पाशी जुळतो का हे कोणी पाहिलं असेल?

माझं म्हणणं डॉक्युमेंटेशन वाढवा असं अजिबात नाही. पुष्कळ ठिकाणी ते निम्म्यावर आणलं तरी चालेल. त्याला क्रम हवा, आणि तो क्रम नव्या माणसाच्या दिवसाचा हवा. बहुतेक प्रकल्प आपली माहिती आपल्या फोल्डरांच्या रचनेनुसार लावतात: हा विभाग, तो विभाग, त्याचे उपविभाग. ही रचना ज्यांनी प्रकल्प बांधला त्यांच्या डोक्यातली. नव्या माणसाच्या डोक्यात विभाग नसतात, प्रश्न असतात, आणि ते एकामागून एक येतात. हे माझ्या संगणकावर चालेल का? चालू कसं करू? नीट चालू झालंय हे कशावरून ओळखू? छोटंसं काही बदलायला मिळेल का? बदललं, आता दाखवू कुठे? दाखवलं, आता काय? इतकंच. या प्रश्नांची उत्तरं याच क्रमाने एका जागी दिली, तर प्रकल्पाची सगळी रचना समजावणारा मोठा ग्रंथ नंतर कधीही वाचता येतो.

पहिला प्रश्न घ्या. माझ्या संगणकावर चालेल का? फायरफॉक्स हा काही लहान प्रकल्प नाही. पण लिनक्सवर तो स्वतः बांधून कसा बघायचा हे सांगणाऱ्या पानावर सुरुवातीलाच लिहिलेलं असतं: किमान ४ जीबी रॅम, ८ किंवा अधिक असेल तर चांगलं, आणि डिस्कवर निदान ३० जीबी मोकळी जागा. जुना लॅपटॉप असलेल्या मुलाला त्या दोन ओळींत कळतं की आपलं घोडं इथे अडणार की नाही. पुढे त्याच्यासाठी पर्यायही सांगितलेला आहे. सी प्लस प्लसचा अवजड भाग आपण बांधायचा नाही, मोझिलाने बांधून ठेवलेला उतरवून घ्यायचा आणि दिसणाऱ्या भागातले बदल करून बघायचे. ज्याने हे पान लिहिलं, त्याला गरीब यंत्रावर बसलेला माणूस डोळ्यांपुढे दिसत होता.

आपल्याकडे या दोन आकड्यांच्या जोडीला आणखी एक आकडा मोलाचा आहे: किती उतरवावं लागेल तो. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल रिचार्जवर शिकणारी मुलं गावागावात आहेत. पावसाळ्यात झाड तारेवर पडतं, लाईट जाते, मागोमाग टॉवर जातो. लिनक्स कर्नलचा सगळा इतिहास उतरवायला गेलात तर तो कित्येक जीबी भरतो. फक्त शेवटची अवस्था मागून घेतली, म्हणजे क्लोन करताना डेप्थ एक दिली, तर काम फार थोडक्यात होतं. हे एक वाक्य पानावर असलं तर मुलाचं एका दिवसाच्या रिचार्जमध्ये भागतं, नसलं तर तीन दिवसांचा जातो आणि डाउनलोड अर्ध्यावर तुटतं ते वेगळंच. किती उतरवावं लागेल हे लिहायला प्रकल्पाला काय खर्च येतो? एक ओळ. तरी ती ओळ शोधायला जा, बहुतेक ठिकाणी सापडत नाही. लिहिणाऱ्याच्या घरी फायबर असतं, त्याला हा प्रश्न पडलेलाच नसतो.

‘छोटंसं काही बदलायला मिळेल का’ याचं सर्वांत चांगलं उत्तर मी जँगोच्या पानांवर पाहिलं आहे. पायथॉनमध्ये वेबसाइट लिहिणारे लोक जँगो वापरतात. पहिल्यांदाच योगदान देणाऱ्यासाठी त्यांच्याकडे एक स्वतंत्र पाठ आहे. गिट टाकण्यापासून सुरुवात, मग कोड उतरवणं, वेगळं वातावरण तयार करणं, आधीच्या चाचण्या चालवून बघणं, एका नमुन्याच्या तिकिटावर बदल करणं, त्या बदलाची चाचणी लिहिणं, डॉक्युमेंटेशन लिहिणं, आणि शेवटी पुल रिक्वेस्ट. बोट धरून नेलेलं. कोणत्याही टप्प्यावर ‘हे तुम्हाला माहीत असेलच’ अशी समजूत नाही. दुसऱ्या पानावर तिकिटाच्या अवस्था समजावलेल्या आहेत: अजून कोणी पाहिलेलं नाही, मान्य झालं, आत घ्यायला तयार आहे. कोणती अवस्था कोण बदलू शकतं तेही लिहिलं आहे. त्यामुळे बाहेरच्या माणसाला आपण रांगेत कुठे आहोत ते कळतं.

आणि रांगेबद्दल. पुल रिक्वेस्ट टाकल्यानंतरची शांतता नव्या माणसाला सर्वांत आधी हाकलते. कोण बघणार, किती दिवसांत, बघितलं नाही तर आठवण करून दिलेली चालते का, ‘चेंजेस रिक्वेस्टेड’ असं लाल अक्षरांत आलं म्हणजे नाकारलं का? मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, ही शांतता नोकरी-संसारातून वेळ न मिळाल्याची वाटते आणि ते खरंच असतं. पलीकडच्या मुलाला ती अपमानाची वाटते. दोघांच्या मधे फक्त एक वाक्य हवं असतं: आम्ही चार जण आहोत, सवडीने काम करतो, तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर खाली पुन्हा लिहा, राग येणार नाही. हे वाक्य लिहायला हुशारी लागत नाही. समोर माणूस आहे, इतकं ध्यानात ठेवावं लागतं.

आता दुसरी बाजूही झोडायला हवी, कारण ती आपली आहे.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या वार्षिक उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट टाकल्या की टी-शर्ट मिळायचा. रीडमीत एखादं विशेषण घालून, स्वल्पविराम हलवून हजारो फालतू रिक्वेस्टी जगभरच्या प्रकल्पांवर आदळल्या. मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना महिन्याच्या तिसऱ्याच दिवशी नियम फिरवावा लागला: प्रकल्पाने आपणहून सहभाग जाहीर केला असेल तरच तिथली रिक्वेस्ट मोजली जाईल. २०२४ च्या सुरुवातीला ‘एक्सप्रेस’ या जावास्क्रिप्टच्या नामांकित प्रकल्पावर तीच पाळी आली. एका शिकवणीच्या व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी टाकतात हे दाखवताना त्या प्रकल्पाचं रीडमी उदाहरणाला घेतलं होतं. बघणाऱ्यांनी जसंच्या तसं केलं. रीडमीत आपापली नावं घालून रिक्वेस्टींचा पूर आणला. दोन्ही वेळा त्या पुरात भारतीय विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. यात आपली मुलं फार होती हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण मुलांना नुसतं रागावून भागणार नाही. कुठे हात लावायचा हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. शिकवणाऱ्याने सांगितलं बटण कुठे आहे, दाबायचं कशासाठी ते राहिलं. आपल्या महाविद्यालयांत ओपन सोर्सच्या नावाखाली एका दुपारच्या कार्यशाळा होतात, तिथेही बहुतेक हेच चालतं: यादीत आपलं नाव घाला, रिक्वेस्ट टाका, प्रमाणपत्र घ्या. सरावासाठी मुद्दाम केलेल्या रिपॉझिटरी आहेत, तिथे नावं घालायला काहीच हरकत नाही. दुसऱ्याच्या चालत्या घरात जाऊन भिंतीवर नाव कोरायचं आणि त्याला योगदान म्हणायचं, हे शिकवणाऱ्यांनी आधी थांबवावं. महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनाच्या फाइलला जोडायला फोटो मिळतो, मुलाच्या पदरात काही पडत नाही, आणि पुढच्या खऱ्या मुलाची रिक्वेस्ट मेंटेनर संशयाने उघडतो. हे शेवटचं नुकसान सर्वांत वाईट.

दूरदूरच्या माणसांकडून काम करून घ्यायचं तर आधी नियम लिहायचे, हे आपल्याला नवीन आहे का? मुळीच नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले. ते करताना माणसं कशी जमवली, काम कसं वाटलं, पैसा कसा आणला, याचा इतिहासही त्यांनी ‘माझें बारा वर्षांचें काम’ या नावाने लिहून ठेवला. पुढच्याला उपयोगी पडावं म्हणून कामाची रीत लिहून ठेवणारा संपादक. त्या ज्ञानकोशात तयार झालेले य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे पुढे महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड देऊन गेले, १९३२ ते १९३८ या सहा-सात वर्षांत. एका प्रकल्पाने माणसं घडवली आणि ती दुसऱ्या प्रकल्पाला मिळाली. आजच्या किती रिपॉझिटरींबद्दल असं म्हणता येईल?

वाईचं उदाहरण तर त्याहून नेमकं आहे. तिथे मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली चाललं होतं. शेकडो विषय, शेकडो लेखक, एक मुंबईत, एक नागपुरात, एक औरंगाबादेत. भौतिकीवाला एका संकल्पनेला एक शब्द वापरणार आणि रसायनवाला दुसरा, हे उघड होतं. मग काय केलं? परिभाषासंग्रहाचा खंड आधी काढला. क्रमांकाने तो अठरावा, पण छापून आला १९७३ साली. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. म्हणजे वाचकाच्या हाती पहिली नोंद पडण्याच्या तीन वर्षं आधी लिहिणाऱ्यांच्या हाती शब्द पडले. डॉक्युमेंटेशन नंतर बघू, आधी कोड, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा क्रम दाखवावासा वाटतो. वाईच्या मंडळींना घाई नव्हती असं नाही. शब्द आधी ठरले नाहीत तर पुढे प्रत्येक खंडात तोच वाद पुन्हा घालावा लागेल, हे त्यांना दिसत होतं.

तोच धडा मराठी सॉफ्टवेअरवाल्यांना पुन्हा गिरवावा लागला. लिनक्सचे मेनू, फायरफॉक्सचे मेनू, ऑफिसचे मेनू मराठीत आणणारे स्वयंसेवक वेगवेगळे होते आणि एकाच कृतीला तिघांनी तीन शब्द दिले होते. २००८ साली पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी ‘फ्यूएल’ नावाचा उपक्रम सुरू केला, तो यासाठीच: संगणकावर वारंवार दिसणारे शब्द गोळा करायचे, त्या त्या भाषेच्या लोकांना एकत्र बसवायचं, एक शब्द ठरवायचा आणि यादी सगळ्यांसाठी खुली ठेवायची. आधी हिंदी, मग मराठीसह इतर भाषा. हे काम टाळ्या मिळवून देणारं नव्हतं. पण नवा भाषांतरकार त्या यादीसह बसला की पहिल्याच दिवशी उपयोगाचं काम करू शकत होता, आणि योगदानाच्या कागदपत्रांकडून याहून जास्त काय मागायचं?

सगळ्यांत पटलेली पद्धत मात्र मुंबईची आहे. पवईला आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा केला, केंद्र सरकारच्या मदतीने. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे दहा-दहा मिनिटांचे पाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज दिलेले, शिक्षकाशिवाय एकट्याने बसून शिकता यावं असे. हे पाठ लिहिणारे शेकडो हात देशभर विखुरलेले. म्हणून संहिता दोन रकान्यांत लिहायची असा नियम. एका रकान्यात पडद्यावर काय दिसणार, दुसऱ्यात त्याच वेळी काय ऐकू येणार. कुठे काय चाललंय हे लिहिणाऱ्याला, तपासणाऱ्याला आणि पुढे मराठी आवाज देणाऱ्याला एकाच कागदावर कळतं. आणि खरी गोष्ट पुढे आहे. संहिता ध्वनिमुद्रणाला जाण्यापूर्वी ती एका नवख्याकडे जाते. विषय न जाणणारा माणूस ती समोर ठेवून एकेक पायरी करून बघतो. तो अडला तर संहिता नापास. तज्ज्ञाची तपासणीही असते, पण तज्ज्ञाला पास वाटलं म्हणून नवख्याची पायरी गाळता येत नाही.

किती शहाणपणाची अट आहे ही! तज्ज्ञाला मधली गाळलेली पायरी दिसतच नाही, कारण त्याचं बोट ती आपोआप दाबतं. नवख्याला ती दिसते, ठेच लागते म्हणून. जगातल्या प्रत्येक ओपन सोर्स प्रकल्पाने ही एक अट उचलावी असं मला वाटतं. सेटअपचं पान बदललं की ते एका कोऱ्या मशीनवर, प्रकल्प कधी न पाहिलेल्या माणसाकडून चालवून घ्या. तो जिथे थांबेल तिथे एक ओळ वाढवा. माणूस मिळत नसेल तर निदान कोऱ्या सर्व्हरवर त्या आज्ञा आपोआप चालवून बघा, मोडल्या तर कळू द्या. आणि कोड बदलणाऱ्याने त्याच रिक्वेस्टमध्ये पानही बदललं पाहिजे, नाहीतर रिक्वेस्ट आत घ्यायची नाही. यातून सुटका दिली की सहा महिन्यांत ये रे माझ्या मागल्या.

हल्ली आणखी एक खोड सुरू झाली आहे. एआयला सांगून वीस पानांचं योगदान-मार्गदर्शक तयार करून घ्यायचं. दिसायला सुरेख, मथळे जिथल्या तिथे. त्यातली एकही आज्ञा कोणी चालवून पाहिलेली नसते. अशा पानापेक्षा कोरं पान बरं. कोऱ्या पानापुढे माणूस निदान विचारायला तरी जातो.

रत्नागिरीतून देण्यासारखं काय आहे, असं विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. समुद्र आणि डोंगरांमधल्या खोलगट जागा, दोन्ही आपल्या जिल्ह्यात मुबलक. दुसऱ्या शब्दातला अर्धा र, ज्याला युनिकोडवाले पापणीचा रफार म्हणतात, तो हिंदीला लागत नाही, मराठीला पदोपदी लागतो. तो टाकायच्या पद्धती दोन आहेत: नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य, किंवा साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडणारा आणि मग य. एखाद्या नव्या फॉन्टमध्ये, पीडीएफ काढणाऱ्या किंवा छापील अक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे कुठेतरी बिघडतं. दऱ्यांचा दर्या होतो. हे बघणारा मेंटेनर बर्लिनमध्ये किंवा टोकियोत असतो, त्याला दोन्ही आकृत्या सारख्याच अनोळखी. त्याला आपल्याकडून ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढीच ओळ गेली तर तो काय करणार? इश्यू पडून राहतो, वर्षभराने आपोआप बंद होतो, आणि आपण म्हणतो मराठीला कोणी वाली नाही.

त्याऐवजी एक पान हवं. मराठी अक्षरांची चूक कशी कळवावी, याचं. कोणता फॉन्ट आणि कोणती आवृत्ती, मजकूर टाकताना नेमके कोणते युनिकोड क्रमांक आले, पडद्यावर काय दिसलं त्याचं चित्र, काय दिसायला हवं होतं त्याचं चित्र, आणि हिंदीत हे का दिसत नाही याची दोन वाक्यं. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीहून वेगळी, ती फॉन्टमध्ये भाषेची खूण पाहून बदलतात, तेही त्याच पानावर. हे पान एकदा नीट लिहिलं तर लोहित, नोटो, मुक्ता, कोणत्याही मुक्त फॉन्टच्या दारात तोच कागद घेऊन जाता येईल. त्यासाठी सी प्लस प्लस यायला नको. मराठी वाचणारा डोळा हवा आणि धीर हवा. दोन्ही रत्नागिरीत मुबलक आहेत, आणि पुण्याहून कमी तर नक्कीच नाहीत.

म्हणून इथल्या संगणक विभागांच्या शिक्षकांकडे माझी मागणी आहे. येत्या सत्रात नावं घालायची कार्यशाळा नको. तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीला एक मुक्त प्रकल्प द्या, शक्यतो ती मुलं रोज वापरतात असा. प्रयोगशाळेतलं एक मशीन कोरं करा आणि त्या प्रकल्पाची सेटअपची पानं अक्षरशः पाळायला सांगा, मनाने एकही पायरी न वाढवता. एकाने आज्ञा चालवायच्या, दुसऱ्याने लिहायचं: कुठे थांबलो, पडद्यावर काय आलं, काय केल्यावर सुटलं. न सुटलेलंही लिहायचं. मग त्यातली एक दुरुस्ती, एकच, प्रकल्पाच्या त्या पानावर पुल रिक्वेस्ट म्हणून पाठवायची, आणि ती का हवी हे चार साध्या वाक्यांत सांगायचं. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, पायरी बरोबर असली पाहिजे. गुण द्यायचे ते त्या नोंदवहीला, रिक्वेस्ट आत गेली की नाही याला नाही, कारण ते आपल्या हातात नसतं.

आणि त्याच नोंदवहीवरून मराठीत एक पान करून विभागाच्या रिपॉझिटरीत ठेवायचं, पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या तुकडीसाठी. त्या मुलांनी ते पाळून बघायचं, अडले तर दुरुस्त करायचं, दुरुस्ती करणाऱ्याचं नाव खाली येईल. पानाच्या माथ्यावर शेवटचं कधी चालवून पाहिलं ती तारीख, मशीनची रॅम आणि एकूण किती एमबी उतरवावं लागलं तो आकडा.